वाचकांचे प्रश्न : लॉयटेनची लढाई आणि तुकड्यांमधले अंतर

गेल्या अंकात ५ डिसेंबर १७५७ च्या लॉयटेनच्या लढाईवर टिपण आले होते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक सुमारे ३३ हजार माणसे घेऊन ऑस्ट्रियाच्या सुमारे ६५ हजारांवर चालून गेला. समोर लढाईचा देखावा करून त्याने मुख्य सैन्य टेकड्यांच्या आडून दक्षिणेला नेले, ऑस्ट्रियाच्या डाव्या बगलेवर घाव घातला आणि अंधार पडेपर्यंत लढाई जिंकली. प्रशियाची सुमारे ६,४०० माणसे कामी आली किंवा जखमी झाली. ऑस्ट्रियाने सुमारे २२ हजार गमावली, त्यांतली १२ हजारांच्या आसपास कैद झाली. या टिपणावर बेळगाव, खानापूर, निपाणीपासून भालकीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

डोळ्यांदेखत ३३ हजार माणसे बाजूला सरकली आणि ६५ हजारांना दिसली नाहीत, हे पटत नाही. ऑस्ट्रियाचे सेनापती काय करत होते? (महाविद्यालयीन विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव)

शंका रास्त आहे. ते सैन्य दिसले होते, पण काही वेळच, आणि जे दिसले त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

ऑस्ट्रियाची फळी उत्तरेला निपर्न गावापासून दक्षिणेला साग्शुट्झपर्यंत आठ किलोमीटरच्या आसपास पसरली होती. तोंड पश्चिमेला. फ्रेडरिक पश्चिमेकडूनच, नॉयमार्क्टच्या रस्त्याने आला. पहाटेच्या धुक्यात बोर्ना गावाजवळ ऑस्ट्रियाची पुढची घोडदळाची चौकी होती, ती त्याने उधळली आणि पाचशेच्या वर कैदी पकडले. त्या चौकीबरोबर ऑस्ट्रियाचे डोळे गेले. समोर काय हालते आहे हे सांगणारे पुढे कोणी उरले नाही.

मग प्रशियाचे काही दल सरळ रस्त्याने पुढे, ऑस्ट्रियाच्या उजव्या बाजूसमोर दिसू लागले. त्या बाजूच्या घोडदळाचा सेनानी लुकेसी. हल्ला आपल्यावरच येणार अशी त्याची खात्री झाली आणि त्याने पुन्हा पुन्हा कुमक मागितली. शेवटी मार्शल डाउन राखीव दल घेऊन तिकडे गेला. फळी इतकी लांब की तिकडे गेलेले दल दक्षिणेला परत आणायचे तर तास-दीड तास पायपीट.

तेवढ्यात प्रशियाचे मुख्य सैन्य उजवीकडे वळून बुटक्या टेकड्यांच्या रांगेमागे गेले. टेकड्या उंच नव्हत्या, पण मागून चालणारा माणूस झाकला जाई एवढ्या होत्या. रांगा दिसेनाशा झाल्या तेव्हा प्रशियाचा राजा माघार घेतो आहे, असा ऑस्ट्रियाच्या सरदारांचा ग्रह झाला. उलट फ्रेडरिकला कुठल्या चढामागे काय लपते हे पाठ होते. शांततेच्या काळात याच भागात त्याच्या सैन्याच्या कवायती होत असत.

डाव्या बगलेवरच्या नादाश्दीला धोका दिसला होता. त्याने वारंवार निरोप पाठवले, पण वरिष्ठांचे लक्ष उत्तरेला अडकले होते. दुपारी एकच्या सुमारास साग्शुट्झवर घाव बसला. तिथे वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरियाच्या मदतीच्या पलटणी होत्या, त्या लवकर मोडल्या. आमच्या मते ऑस्ट्रियाचा सरसेनापती प्रिन्स चार्ल्स याची मोठी चूक त्याआधीची आहे. ब्रेस्लाउजवळची मजबूत जागा सोडून, एक नदी पाठीशी घेऊन तो उघड्यावर आला, आणि इतक्या लांब फळीच्या टोकाला आधार देणारे काहीच ठेवले नाही.

रांगेत चालणारे सैन्य एका हुकमात लढाईच्या फळीत उभे राहिले असे आपण लिहिले. ते नेमके कसे? आणि तीनच ओळी का? आमच्या परेडलाही 'तीनो तीन' असे. (निवृत्त सुभेदार, खानापूर तालुका)

सुभेदारसाहेब, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. तिरप्या हल्ल्याचा, म्हणजे एक टोक पुढे आणि दुसरे मागे ठेवून केलेल्या हल्ल्याचा, नकाशा सगळी पुस्तके छापतात, पण हा नकाशा अंमलात आणता आला तो तुकड्यांमधल्या अंतरामुळे.

प्रशियाची पलटण आठ तुकड्यांची. तुकडीत तीन ओळी, ओळीत साधारण २४ माणसे, खांद्याला खांदा. माणसाला ५५ ते ६० सेंटिमीटर जागा धरली तर तुकडीची रुंदी सुमारे १४ मीटर आणि सबंध पलटणीची फळी सुमारे ११२ मीटर. चालताना तुकड्या एकीमागे एक जात. नियम असा, की पुढच्या तुकडीच्या पहिल्या ओळीपासून मागच्या तुकडीच्या पहिल्या ओळीपर्यंतचे अंतर तुकडीच्या रुंदीएवढेच, म्हणजे १४ मीटर, हवे. तीन ओळींची खोली वजा केली की मधे दहा-बारा मीटर मोकळी जागा राही. म्हणजे रांगेची लांबी आणि फळीची लांबी एकच. हुकूम झाला की प्रत्येक तुकडी डाव्या टोकाच्या माणसाभोवती बिजागरीवर दार फिरावे तशी पाव फेरा फिरे, आणि आठ तुकड्यांची एक सलग फळी तयार होई. रांगेचे तोंड फळीचे उजवे टोक होई. लॉयटेनला हेच झाले. तोंडाच्या पलटणी सर्वांत उजवीकडे आल्या आणि त्यांनीच पहिला हल्ला केला.

आता बिघडते कुठे ते पाहा. प्रत्येक तुकडीने दोन पावले जास्त अंतर ठेवले तर फिरल्यावर प्रत्येक सांध्यात सुमारे १.४ मीटरची फट पडते. दहा पलटणींच्या ८० तुकड्या धरा, तर सगळ्या फटी मिळून ११२ मीटर, म्हणजे एका अख्ख्या पलटणीएवढे भगदाड. दोन पावले कमी ठेवली तर उलटा त्रास. फिरलेल्या तुकडीला जागा पुरत नाही, माणसे एकमेकांवर चढतात, मधली फळी फुगते आणि त्या माणसांना बंदूक खांद्याला लावता येत नाही. टेकडीचा उतार, ओढा, नांगरट या सगळ्यांतून मैलोन्‌मैल हे अंतर टिकवायचे. त्यासाठी मिनिटाला सुमारे ७५ पावलांची ठरलेली चाल होती. घाई केली की रांग ताणली जाते आणि मागचे धावू लागतात.

हल्ला कसा चढवला हेही याच हिशेबात बसते. उजव्या टोकाची पलटण निघाली, तिच्या शेजारची ५० पावले मागून, तिच्या शेजारची आणखी ५० पावले मागून. ७५ पावलांच्या चालीला ५० पावले म्हणजे ४० सेकंद. अशा वीस पलटणींत डावे टोक उजव्याच्या हजार पावले मागे राहते. उजवी बाजू लढत असताना डावी शत्रूच्या माऱ्याबाहेर असते, तरी शत्रूला तिच्याकडे पाठ करता येत नाही. उजवीकडचा हल्ला फसला तर सावरायला ताजे दल हाताशी राहते.

त्याच वर्षी १८ जूनला कोलीनला फ्रेडरिकने हाच डाव टाकला आणि तो फसला. डाउन उंचावर होता, उजेड स्वच्छ, आणि प्रशियाचे सैन्य त्याच्यासमोरून उघड्या रस्त्याने चालत गेले. त्याला सगळे दिसत होते, म्हणून तो आपली माणसे त्याच दिशेने सरकवत राहिला. त्यात प्रशियाच्या मधल्या काही पलटणी वाटेतल्या गोळीबाराला उत्तर द्यायला वेळेआधीच वळल्या आणि थेट समोरच्या चढावर गेल्या. राखीव दल भलत्याच ठिकाणी खर्ची पडले. त्या दिवशी प्रशियाची १३ हजारांवर माणसे गेली.

तीन ओळींचे कारण गोळीबार. पहिली ओळ गुडघ्यावर बसे, दुसरी उभी राही आणि तिसरी पुढच्यांच्या खांद्यांमधून नळी काढी. चौथ्या ओळीला गोळी झाडायला वाट राहत नाही. दोनच ओळी केल्या तर फळी दीडपट लांब होते आणि घोडदळाच्या धडकेला पातळ पडते. आपल्या परेडच्या तीन ओळी संचलनासाठी, त्यांच्या तीन ओळी नेमासाठी, एवढा फरक.

ब्रेस्लाउ, लॉयटेन, नॉयमार्क्ट ही गावे आजच्या नकाशावर सापडत नाहीत. (वाचक, चिक्कोडी)

ती आता पोलंडमध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये सीमा सरकली, वस्ती बदलली, नावेही बदलली. ब्रेस्लाउ म्हणजे आजचे व्रोत्सवाफ, लॉयटेन म्हणजे त्याच्या पश्चिमेचे लुतीन्या आणि नॉयमार्क्ट म्हणजे स्रोदा श्लोंस्का. सीमा सरकली की गावाच्या नावाचे काय होते, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इतक्या माणसांना रोज खायला काय आणि कुठून? (धान्याचे व्यापारी, निपाणी)

मुख्य अन्न पाव. माणशी रोज दोन पौंड असे मोजमाप होते, तिथला पौंड अर्ध्या किलोहून थोडा कमी. ३३ हजार माणसांचे रोजचे ६६ हजार पौंड, म्हणजे ३१ टनांच्या आसपास. आपल्या हिशेबात दिवसाला ३०० क्विंटलवर पाव. त्यात घोड्यांचा दाणा-वैरण धरलेला नाही, आणि तो याहून जड पडतो.

रीत अशी, की तीन दिवसांचा पाव शिपायाच्या पिशवीत, सहा दिवसांचा पलटणीच्या गाड्यांत, आणि त्यामागे पिठाचे गाडे. पीठ असून भागत नाही, भट्टी लागते. भट्टीपासून सैन्य चार-पाच मजलांपेक्षा पुढे गेले की पाव वेळेत पोचत नाही, पोचला तरी बुरशी लागलेला असतो. अठराव्या शतकातल्या युरोपी मोहिमा संथ का वाटतात त्याचे मोठे कारण हेच.

म्हणूनच लॉयटेनच्या आधीचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. ५ नोव्हेंबरला रोसबाखला फ्रेंचांना हरवून फ्रेडरिक १३ नोव्हेंबरला लाइपझिगहून निघाला आणि २८ तारखेला पार्खविट्झला पोचला. पंधरा-सोळा दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर, तेही हिवाळ्यात. त्याने भट्ट्या आणि तंबू मागे ठेवले, शिपायांना वाटेतल्या गावांत घरोघरी उतरवले आणि त्यांच्या जेवणाचा भार त्या घरांवर टाकला. हे सैन्याच्या सोयीचे, पण त्या गावांतल्या लोकांच्या तोंडचा हिवाळ्याचा घास काढणारे होते. हेही त्या विजयाच्या हिशेबात मांडायला हवे.

४ डिसेंबरला नॉयमार्क्ट हातात आले तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्याची भट्टी तिथेच होती. तिच्या संरक्षणाला पुरेसे दल नव्हते. शत्रूची भट्टी इतकी पुढे आहे म्हणजे शत्रू स्वतःहून पुढे येतो आहे, हेही फ्रेडरिकला तिथेच उमगले.

त्या बंदुका मिनिटाला किती गोळ्या झाडत? नेम किती लांबचा? (वाचक, संकेश्वर)

सरावात चार, लढाईत दोन-तीन. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत दारू आणि शिशाची गोळी. शिपाई ती दातांनी फोडी. बंदुकीचा घोडा अर्धा चढवून थोडी दारू (हीच रंजक) नळीच्या बाजूच्या रंजकदाणीत टाकायची आणि झाकण बंद करायचे. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वर कागदासकट गोळी. गज काढून ती तळापर्यंत ठासायची, गज परत खोबणीत घालायचा. घोडा पूर्ण चढवायचा, बंदूक खांद्याला, हुकूम, चाप. चकमकीचा दगड पोलादावर आपटतो, ठिणगी रंजकात पडते, रंजकाची आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, नळीत जाते.

यातली प्रत्येक पायरी दगा देऊ शकते. वीस-तीस गोळ्यांनंतर दगडाची धार जाते आणि ठिणगी पडत नाही. कान काजळीने बुजला की रंजक भुर्रकन जळते पण गोळी सुटत नाही. गडबडीत शिपायाला ते कळतही नाही. तो त्यावरच दुसरे काडतूस ठासतो आणि पुढच्या वेळी नळी फुटण्याची भीती. काही जण गज नळीतच विसरत. गज गोळीबरोबर उडून गेला की बंदूक संगिनीपुरतीच उरली. दमट हवेत रंजक भिजते. लॉयटेनला कोरडी थंडी आणि जमिनीवर थोडेसे बर्फ होते, हे दोन्ही बाजूंना सोयीचे ठरले.

प्रशियाचा गज लोखंडी होता. १७४१ मध्ये मोलविट्झला ऑस्ट्रियाच्या शिपायांकडे लाकडी गज होते, ते जोरात ठासले की मोडत, म्हणून हात जपून चालवावा लागे. लोखंडी गजाने प्रशियाच्या गोळीबाराचा वेग वाढला.

नळी गुळगुळीत, भोक १८ मिलिमीटरच्या थोडे वर, गोळी त्याहून लहान आणि सैल. ८० मीटरपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नाही, २०० मीटरवर बहुतेक गोळ्या वाया जातात. म्हणून सगळ्यांनी एकदम झाडायचे. दोन-तीन फैरींनंतर धुराने समोरचे काही दिसत नाही. शिपायाजवळ ६० काडतुसे असत. साग्शुट्झपुढे पहिल्या पलटणींची संपत आली आणि काडतुसांचे गाडे हल्ल्याच्या पाठोपाठ आणावे लागले. कागदावरच्या योजनेत असे गाडे दिसत नाहीत, पण ते मागे राहिले असते तर हल्ला तिथेच थांबला असता.

एक भर घालतो. फ्रेडरिकने ग्लोगाउच्या किल्ल्यावरून १२ पौंडी गोळ्याच्या दहा अवजड तोफा आणल्या होत्या. एरवी त्या चिखलात रुतल्या असत्या, गोठलेल्या जमिनीवर त्यांचे गाडे चालले. गोळाही कडक जमिनीत न रुतता उसळ्या घेत पुढे जातो. ऑस्ट्रियाने घाईघाईने लॉयटेन गावाजवळ दक्षिणेकडे तोंड करून नवी फळी धरली, पण माणसे नीट पसरायला वेळ मिळाला नाही. काही ठिकाणी ती तीस-तीस ओळी खोल दाटली. पुढच्या तीन ओळींनाच गोळी झाडता येते. मागची सगळी तोफांच्या तोंडी.

ऑस्ट्रियाच्या घोडदळाने शेवटी काहीच केले नाही का? (वरील वाचक)

केले. चारच्या सुमारास लुकेसीने उत्तरेकडून येऊन प्रशियाच्या डाव्या बगलेवर झेप घेतली. डाव हुशारीचा होता. पण ड्रीझेनचे प्रशियाचे घोडदळ तिकडच्या चढामागे थांबवून ठेवलेले होते, त्याने लुकेसीलाच बगलेवर गाठले. लुकेसी तिथे पडला, त्याचे घोडदळ आपल्याच पायदळावर मागे आले आणि सगळी फळी ढासळली. त्या अक्षांशावर डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या दिवसांत सहापर्यंत उजेड असतो. तिथे एवढा दिवस असता तर पाठलाग रात्रीपर्यंत चालला असता. तरी १५ दिवसांत ब्रेस्लाउ पडले आणि सुमारे १७ हजार माणसे कैद झाली.

पानिपतावरच्या गारद्यांची कवायत याच जातीची होती का? (वाचक, भालकी)

मूळ एकच. इब्राहिमखान गारदी हा दक्षिणेत फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला. १४ जानेवारी १७६१ ला त्याने जे केले ते लॉयटेनच्या वाचकाला लगेच ओळखू येईल. काही पलटणी बगल राखायला वळवून ठेवल्या आणि बाकीच्यांनी रोहिल्यांवर संगिनी लावून चाल केली. त्याच्या पलटणींनी आपली शिस्त शेवटपर्यंत सोडली नाही. पण शेजारचे घोडदळ त्या चालीत बसवलेले नव्हते. स्वार पुढे घुसले की आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आपलीच माणसे येतात आणि गोलंदाजाला हात आवरावा लागतो. फ्रेडरिकचे घोडदळ आणि पायदळ एकाच हुकमाखाली वर्षानुवर्षे एकत्र कवायत करत आले होते. आमच्या दृष्टीने खरा फरक इथे आहे. गारद्यांच्या शौर्यात काही उणे नव्हते.

आठवी-नववीच्या मुलांना हा डाव मैदानावर करून दाखवायचा आहे. कसा बसवावा? (माध्यमिक शिक्षिका, खानापूर)

बाई, जरूर करा. फळ्यावर तासभर काढूनही जे कळत नाही ते मैदानावर चटकन कळते. ४८ मुले, ३० मीटर बाय २० मीटर जागा, फक्की, शिट्टी आणि दोन मीटरची एक दोरी एवढे पुरे. हातात काठ्या देऊ नका, फिरताना बाजूच्याला लागतात.

बारा-बारा मुलांच्या चार तुकड्या करा. तुकडीत तीन ओळी, ओळीत चार मुले, प्रत्येकाला अर्धा मीटर. तुकडीची रुंदी दोन मीटर. ओळींमध्येही अर्धा मीटर ठेवा. फक्कीने २० मीटरची सरळ रेघ मारा. प्रत्येक तुकडीच्या पहिल्या ओळीतले डावीकडचे मूल या रेघेवरूनच चालेल. ही चार मुले नीट निवडा, सबंध डाव त्यांच्यावर आहे. पुढच्या तुकडीच्या अशा मुलापासून मागच्या तुकडीच्या अशा मुलापर्यंत बरोबर दोन मीटर हवे. थांबल्यावर दोरीने मोजा.

शिट्टी झाली की रेघेवरचे मूल जागच्या जागी डावीकडे वळेल आणि ओळीतले चौथे मूल सुमारे अडीच मीटरचा पाव फेरा चालेल. कडेचे मूल धावते आणि आतले मूल रेघ सोडून सरकते, या दोन चुका हमखास होतात. आतल्याला 'पाय हलवू नकोस' आणि कडेच्याला 'आत बघ' एवढे सांगा. जमले तर आठ मीटरची सलग, तीन ओळींची फळी दिसेल. मग उजवीकडची तुकडी आधी सोडा आणि प्रत्येक पुढची दहा पावलांनंतर.

दुसऱ्या वर्गाची पंचवीस-तीस मुले शत्रू म्हणून लांब एकेरी फळीत उभी करा आणि चालणारी रांग शाळेच्या इमारतीआडून त्यांच्या टोकाकडे आणा. तिकडच्या मुलांना बोलायची बंदी घाला. फक्त टोकाच्या मुलाने धावत मधल्या 'सेनापती'कडे निरोप न्यायचा आणि उत्तर घेऊन परत यायचे. तेवढ्यात काय काय घडून जाते ते त्यांना आपोआप दिसेल.

बरोबर जमल्यावर तेच मुद्दाम चुकवून दाखवा. एकदा अंतर तीन मीटर ठेवा. वळल्यावर तुकड्यांमध्ये मीटर-मीटरच्या फटी राहतील, त्यांतून तीन मुलांना घोडेस्वार म्हणून पळू द्या. एकदा दीड मीटर ठेवा, मुले एकमेकांवर येतील, तेव्हा ही फेरी चालत करा, धावत नको. आणि शेवटी तिसऱ्या तुकडीच्या नायकाला गुपचूप सांगून ठेवा, की शिट्टीच्या आधीच वळ आणि सरळ समोर जा. पहिल्या दोन तुकड्या शत्रूच्या टोकाशी पोचतील तेव्हा त्यांच्या शेजारी कोणीच नसेल आणि चौथी तुकडी कुणामागे जायचे या गोंधळात उभी असेल. ते कोलीन.